पोरगं एवढं तगडं, मग न्यूमोनिया झाला कसा? भरतीच्या पोरांच्या आजाराचं मूळ थंडीत कमी, झोपायच्या हॉलमध्ये जास्त

निलंगा (विशेष विश्लेषण) : पहाटे साडेचारला निलंग्यातून औराद शहाजानीच्या रस्त्याला गाडी घातली की उजेडात सगळ्यात आधी दिसतात ती पळणारी पोरं. कानाला मफलर, अंगात पातळ टी-शर्ट, हातातल्या मोबाईलवर स्टॉपवॉच चालू. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आणायचे, एवढं एकच डोक्यात. कुणाला अग्निवीर व्हायचंय, कुणाला पोलीस, कुणाला सीआरपीएफ. दोन-तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनच्या भावाचं हे असं, मग घरातल्या एका तरी पोरानं वर्दी घालावी ही आई-बापाची आस. त्यात वावगं काहीच नाही.

त्यातलंच एक पोरगं आमच्या नात्यातलं. माझ्या चुलतबहिणीचा मुलगा, वय १९. मागच्या थंडीत शहरातल्या एका भरती अकॅडमीत राहायला होता. अकॅडमीचं नाव इथं घेत नाही, कारण अशा कितीतरी आहेत. एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, चार दिवसांपासून ताप आहे. गोळी घेतली की उतरतो. आबांना सांगू नका, ते घरी घेऊन जातील." मी म्हणालो, मग आज पळालास का? तर म्हणे, "पळालो. पण शेवटच्या राऊंडला दम लागला." पाचव्या दिवशी श्वास घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा मित्रांनी दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला तर उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक. नऊ दिवस ॲडमिट.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेले आबा सारखं एकच विचारत होते, "कामून झालं असंल? घरी म्हशीचं दूध पिणारं लेकरू हाय. पहाटं थंड पाण्यानं आंघोळ करायचा म्हणं, त्यानंच झालं." थंड पाणी, धुकं, गार वारं, नाहीतर "पोराची ताकद कमी पडली", हेच कारण आपल्या भागात बहुतेक घरांत सांगतात. पण जगभरच्या फौजांनी शंभर वर्षांहून जास्त काळ आपल्या नव्या रंगरुटांच्या न्यूमोनियाचा अभ्यास केलाय आणि त्यातून वेगळंच काही समोर आलंय. पोरगं अशक्त होतं म्हणून आजारी पडत नाही. नव्यानं एकत्र आलेल्या गर्दीत कमी झोपेवर राहतं आणि ताप लपवतं, म्हणून आजारी पडतं.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. लातूरला सीआरपीएफचं भरती प्रशिक्षण केंद्र आहे, चाकूरला बीएसएफचं, नांदेड जिल्ह्यात मुदखेडला पुन्हा सीआरपीएफचं, बाभळगावला पोलीस प्रशिक्षण. आपली पोरं बेळगावच्या मराठा सेंटरला जातात, खडकीला, नाशिक रोडला, अहिल्यानगरला, कामठीला जातात. त्याआधी वर्ष-दोन वर्षं बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या अकॅडमीत राहतात.

नेमकं होतं काय?

आपल्या फुप्फुसात हवेच्या लाखो बारीक पिशव्या असतात. जंतू तिथवर पोचले की त्या पिशव्यांत पाणी आणि पू साचतो. जिथं हवा जायची तिथं ती जात नाही, म्हणून दम लागतो. हाच न्यूमोनिया. दवाखान्यात दाखल असताना लागला तर तो एक प्रकार. घरी, हॉस्टेलला, बॅरकमध्ये लागला तर डॉक्टर त्याला समाजातून झालेला न्यूमोनिया म्हणतात. रंगरुटांना होतो तो हा दुसरा.

जंतू एकच नसतो, इथंच आपला गोंधळ होतो. सगळ्यात जुना आणि ओळखीचा म्हणजे न्यूमोकोकस हा जिवाणू. गंमत अशी, की तो कित्येक धडधाकट माणसांच्या नाकात-घशात गुपचूप राहतो, काहीच करत नाही. फ्लूसारख्या एखाद्या विषाणूनं घशाची आतली कातडी सोलून काढली की मग याला खाली उतरायला वाट मिळते. दुसरा मायकोप्लाझ्मा. हा लबाड आहे. ताप थोडा, खोकला कोरडा, माणूस चालता-फिरता असतो आणि एक्स-रेत मात्र डाग दिसतो. याला जिवाणूसारखी बाहेरची भिंतच नसते, म्हणून भिंत फोडणारी पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनची गोळी त्याच्यावर चालत नाही. मग पेशंट म्हणतो, "डॉक्टर, पाच दिवस गोळ्या खाल्ल्या, फरक नाही." याच जातकुळीतला क्लॅमिडिया न्यूमोनिए. फिनलंडमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेला आलेल्या तरुणांत त्याच्या साथी पाहायला मिळाल्या आहेत. शिवाय घशातला स्ट्रेप्टोकोकस, फ्लू, आणि गेल्या काही वर्षांत आपण सगळ्यांनी भोगलेला कोरोना.

आणि एक ॲडेनोव्हायरस. हे नाव गावात कुणी ऐकलेलं नसेल, पण अमेरिकी फौजेला यानं रडकुंडीला आणलं. तिथल्या रंगरुटांत येणाऱ्या तापापैकी बराच मोठा हिस्सा ह्या एका विषाणूच्या दोन जातींचा, चार नंबर आणि सात नंबर. १९७१ पासून त्यांनी प्रत्येक रंगरुटाला याची लस गोळीच्या रूपात द्यायला सुरुवात केली. ताप एकदम उतरले. पुढं १९९६ मध्ये बनवणाऱ्या कंपनीनं उत्पादन बंद केलं, १९९९ पर्यंत साठा संपला, आणि बॅरकमधले ताप पुन्हा पहिल्यासारखे वाढले. २०११ मध्ये नवी लस आली तेव्हा परत खाली आले. तेच केंद्र, तेच हवामान, तेच उस्ताद, तीच धावणी. फरक एका लसीचा. थंड पाण्याच्या आंघोळीला दोष देणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी पुरे. ही लस अमेरिकी सैन्याबाहेर मिळत नाही, त्यामुळं ती शोधायला मेडिकलवर जाऊ नका.

खेड्यातलं पोर का जास्त पडतं?

हा प्रश्न जरा अवघड वाटेल, पण मला यात सगळ्यात जास्त रस आहे. १९१७-१८ मध्ये पहिल्या महायुद्धासाठी अमेरिकेनं घाईघाईनं मोठमोठे कॅम्प उभे केले. लाखो पोरं एकत्र आणली. आधी गोवर पसरला, गोवरावर न्यूमोनिया चढला आणि पोरं पटापट दगावली. तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं, की शहरातल्या किडकिडीत पोरांपेक्षा शेतावरून आलेली दणकट पोरं जास्त पडतायत. कारण साधं होतं. शहरातलं पोर लहानपणीच गर्दीत वाढलेलं, दहा आजार अंगावरून गेलेले, शरीरानं त्यांची ओळख ठेवलेली. शेतातल्या पोराच्या शरीराला त्या जंतूंची ओळखच नव्हती.

दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतही हेच झालं. तिथं लांबच्या खेड्यांतून मजूर आणून बराकीत कोंबायचे. न्यूमोनियानं एवढी माणसं मरायला लागली की १९११ मध्ये तिथं न्यूमोकोकसच्या लसीचा पहिला मोठा प्रयोग झाला. पण पनामा कालव्याच्या कामावर आरोग्य सांभाळलेले अमेरिकी डॉक्टर विल्यम गोर्गास तिथं आले तेव्हा त्यांनी सल्ला दिला तो वेगळाच : माणशी जागा वाढवा. पनामात त्यांनी पाहिलं होतं, की मरतात ते नवीन आलेले, आणि दाटीनं राहणारे. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या कोप्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता आपलं पोरगं बघा. अठरा-एकोणीस वर्षं दोनशे उंबऱ्यांच्या गावात वाढलं. पहिल्यांदा बाहेर पडलं ते थेट अशा जागी, जिथं हरियाणाचा एक, बिहारचा एक, केरळचा एक, ओडिशाचा एक, शेजारी-शेजारी झोपलेत. प्रत्येकानं ट्रंकेबरोबर आपापल्या गावचे जंतूही आणलेत. पहिल्या महिना-दीड महिन्यात हे सगळे जंतू एकमेकांची ओळख करून घेतात. रंगरुटांतले ताप आणि न्यूमोनिया बहुतांशी याच काळात वर येतात. पोरगं कमजोर नसतं, नवं असतं.

कांजण्यांचंही तसंच. उष्ण प्रदेशात बऱ्याच जणांना त्या लहानपणी होतच नाहीत, त्यामुळं तरुणपणी प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर होतात. लेकराला कांजण्या झाल्या तर आठ दिवसांत बरं होतं. मोठ्या माणसाला झाल्या तर कधीकधी त्या फुप्फुसात उतरतात. "अंगावर उठलंय, आपोआप जाईल" म्हणून पोरगं पळत राहिलं तर ते अंगलट येऊ शकतं.

दोन पलंगांमधलं अंतर

पहिल्या महायुद्धातच इंग्लंडमध्ये ग्लोव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरनं एक साधं काम केलं. बॅरकमध्ये मेंदूज्वराची साथ होती. त्यांनी जवानांच्या घशातले नमुने तपासले आणि पलंगांमधलं अंतर मोजलं. गर्दी वाढून दोन पलंगांमध्ये फूटभरही जागा उरली नाही, की घशात जंतू बाळगणाऱ्यांची संख्या झपाट्यानं चढायची. पलंग अडीच-तीन फूट लांब केले आणि खिडक्या उघड्या ठेवल्या, की ती उतरायची. औषध नाही, लस नाही. पलंग सरकवले. मेंदूज्वर वेगळा आणि न्यूमोनिया वेगळा हे खरं, पण दोन्हींची वाट एकच, एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या नाकात. त्यावरूनच पुढं अनेक फौजांत एकाचं डोकं तिकडं तर शेजारच्याचे पाय तिकडं, असं उलटसुलट झोपवायची पद्धत रूढ झाली.

आपल्याकडचा पुरावा हवा असेल तर फार मागं जायला नको. एप्रिल-मे २०२० आठवा. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून हिंगोलीला परतलेले राज्य राखीव दलाचे जवान एकामागून एक कोरोना पॉझिटिव्ह निघाले होते. तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या रुग्णांत मोठा आकडा या जवानांचाच होता. ही माणसं काही कमजोर नव्हती. सोबत प्रवास, सोबत मुक्काम, सोबत जेवण, बास.

आणखी मागं जायचं तर १९१८. मुंबईत त्या वर्षी १० जूनला सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले, त्यातला एक गोदीवर ड्युटीला होता. इन्फ्लुएंझाच्या साथीची आपल्या भागातली ही पहिल्या नोंदींपैकी एक. महायुद्धाच्या जहाजांबरोबर हा ताप आला आणि रेल्वेनं देशभर पसरला. निलंगा तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतं. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्यांतल्या बहुतेकांना फ्लूनं मारलं नाही; फ्लूनं दार उघडलं आणि मागून शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियानं मारलं. शंभर वर्षांनंतरही रंगरुटांच्या बाबतीत क्रम बहुधा हाच असतो. आधी साधी सर्दी-ताप, दोन दिवस बरं वाटतं, आणि मग एकदम जोरात. हे "दोन दिवस बरं वाटलं" फार फसवं आहे.

मग थंडीचा काहीच संबंध नाही का? आहे, पण आडून. थंडी पडली की हॉलच्या खिडक्या बंद होतात, पोरं एकमेकांना चिकटून झोपतात, एक रग दोघं घेतात. आतली हवा आतच फिरते. गार कोरड्या हवेत काही विषाणू जास्त वेळ तग धरतात हेही आहे. पण एकट्या माणसाला उघड्या रानात कितीही थंडी वाजली तरी हवेतून न्यूमोनिया उगवत नाही. जंतू कुणाकडून तरी यावाच लागतो. रब्बीत रात्रीच्या लाइटवर ज्वारीला, हरभऱ्याला पाणी देणारे आपले शेतकरी थंडीनं काकडतात, पण वीस-वीसच्या संख्येनं एका आठवड्यात न्यूमोनियानं पडत नाहीत.

अकॅडमीचा हॉल

सैन्याच्या केंद्रात काही झालं तरी एक यंत्रणा असते. एमआय रूम असते, रोज सकाळी सिक रिपोर्ट होतो, डॉक्टर "अटेंड सी" लिहून देतो म्हणजे आराम, गरज पडली तर मिलिटरी हॉस्पिटल. भरतीच्या वेळी छातीचा एक्स-रे झालेला असतो. त्रुटी तिथंही असतील, पण कुणीतरी जबाबदार असतो.

आमचं पोरगं जिथं होतं तिथं मी स्वतः जाऊन आलो. पत्र्याचं शेड, आत बावीस पोरं. गाद्या जमिनीवर, एकमेकांना लागून. दोन गाद्यांमध्ये पाय ठेवायलाही जागा नव्हती. खिडक्या दोन, दोन्ही पोत्यानं झाकलेल्या, कारण डास आणि थंडी. एका माठावर एकच ग्लास. ओले कपडे आतच दोरीवर. पहाटे चारला उठायचं आणि रात्री मैदानावरून आल्यावर लेखीचा क्लास, त्यामुळं झोपायला अकरा. म्हणजे झोप पाच तास. संचालकांना विचारलं तर ते म्हणाले, "सर, आर्मीत याच्यापेक्षा कडक असतं, सवय व्हायला पाहिजे." माणूस वाईट नव्हता. स्वतः माजी सैनिक, पोरांवर जीव लावणारा. पण सवय धावण्याची होते, उठाबशांची होते. दुसऱ्याच्या खोकल्याची सवय शरीराला लावता येत नाही.

झोपेचं तर नुसतं ऐकीव नाही. अमेरिकेत निरोगी माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा विषाणू सोडून पाहिला. जे रोज सात तासांहून जास्त झोपत होते त्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी लागण्याची शक्यता चार पटींहून जास्त निघाली. आता पाच तास झोपणारं, दिवसाला दहा-बारा किलोमीटर पळणारं, वजन कमी करायचं म्हणून रात्री नुसती केळी खाणारं पोरगं डोळ्यांसमोर आणा.

सिगारेट-बिडीचंही सांगायला हवं. न्यूमोकोकसच्या गंभीर आजारात धूम्रपान हे तरुणांमधलं ठळक कारण आहे, आणि स्वतः न ओढता शेजाऱ्याचा धूर गिळणाऱ्यालाही धोका वाढतो. "टेन्शन जातं" म्हणून मैदानामागं ओढणारी पोरं प्रत्येक अकॅडमीत असतात. उस्तादांना माहीत असतं, पालकांना नसतं.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्गात विद्यार्थ्यामागं किमान एक चौरस मीटर जागा असावी असं त्यात आहे. पण ते बसून शिकण्याच्या वर्गाबद्दल. रात्रभर बावीस जण ज्या शेडमध्ये श्वास घेतात, त्याची मोजमाप कोण करतो? हॉटेलच्या भटारखान्याची तपासणी होते, भरती अकॅडमीच्या झोपायच्या हॉलची झालेली मी तरी पाहिली नाही. ग्रामपंचायत म्हणते नगरपरिषदेला विचारा, नगरपरिषद म्हणते हे शिक्षण विभागाचं, शिक्षण विभाग म्हणतो ही शाळा नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा एक आरोग्यसेवक पाठवून ताप-खोकल्याची विचारपूस केली आणि गाद्यांमध्ये तीन फूट ठेवायला लावलं, तरी खर्च शून्य आहे. निलंग्यात आमदार-खासदारांच्या हस्ते अकॅडम्यांची उद्घाटनं होतात, तेव्हा फीत कापायच्या आधी आत जाऊन खिडक्या मोजायला हरकत नाही.

ताप लपवायची सवय

गर्दी, झोप, जंतू हे सगळं खरं, पण साधा ताप जिवावर बेततो तो बहुतेक वेळा लपवल्यामुळं. १९७६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स कॅम्पमध्ये १९ वर्षांचा एक जवान फ्लूनं आजारी होता. आराम करायला सांगितलेलं असताना तो रात्रीच्या पाच मैलांच्या मार्चला गेला. वाटेत कोसळला आणि काही तासांत गेला. तपासात कळलं, की कॅम्पमध्ये दोनशेहून जास्त जणांना त्याच विषाणूची लागण होऊन गेली होती. बहुतेकांना कळलंही नव्हतं. जीव गेला तो त्या एकाचाच.

आपली पोरं लपवतात त्याला कारणं आहेत, नुसतं रागावून उपयोग नाही. जास्त दिवस ट्रेनिंग चुकलं तर मागच्या बॅचमध्ये टाकतील ही भीती. अग्निवीर योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त चौघांतल्या एकालाच कायम ठेवणार, म्हणून पहिल्या दिवसापासून आपलं रेकॉर्ड स्वच्छ हवं, हा हिशेब. आजारी पडणाऱ्याला "नाटक करतोय" म्हणणारे सोबती. अकॅडमीत तर बापानं व्याजानं काढून भरलेली फी डोक्यावर. आमचं पोरगं म्हणालं तेच, आबांना सांगू नका, ते घरी नेतील. हे ओझं आपणच त्याच्यावर टाकलंय, थोडं तरी.

हिशेबच करायचा तर पूर्ण करावा. तापाच्या दुसऱ्या दिवशी दाखवलं तर चार-पाच दिवस आराम. पाचव्या दिवशी दम लागल्यावर दाखवलं तर नऊ दिवस ॲडमिट आणि पुढं महिना-दीड महिना मैदान बंद. मागच्या बॅचमध्ये जायची वेळ येते ती लपवल्यामुळं, दाखवल्यामुळं नाही.

घरच्यांनी फोनवर काय विचारायचं?

"जेवलास का?" हे आपण विचारतोच. त्याच्याबरोबर विचारा, खोकला आहे का, किती जणांना आहे? हॉलमध्ये एकाच वेळी चार-पाच जण खोकत असतील तर ती साथ आहे, योगायोग नाही. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त असेल, दोन दिवस उतरून पुन्हा चढला असेल, दीर्घ श्वास घेताना छातीत दुखत असेल, थुंकी गंजलेल्या लोखंडासारखी लालसर येत असेल, तर एक्स-रे हवाच. बसल्या जागी मिनिटाला तीसच्या आसपास श्वास चालत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पोरगं बोलताना वाक्य तोडत असेल किंवा बरळत असेल, तर मेडिकलवर वेळ घालवू नका, थेट मोठा दवाखाना. कोरोनात घेतलेलं बोटाचं यंत्र बऱ्याच घरांत अजून आहे. ऑक्सिजन ९४ च्या खाली दाखवत असेल तर तेवढंच पुरे. निलंग्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, पुढं लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था.

मेडिकलवरून तीन गोळ्यांचं पाकीट आणून खायची पद्धत आपल्याकडं फार. एका जंतूला जे औषध चालतं ते दुसऱ्याला नाही, विषाणूला तर कुठलंच अँटिबायोटिक नाही. अर्धवट कोर्सनं ताप दबतो, आजार आत चालू राहतो. "ताकदीचं इंजेक्शन" म्हणून स्टेरॉइड टोचणारे महाभाग अजून आहेत. त्या सुईनं दोन तासांत बरं वाटतं, म्हणून तर ती जास्त धोक्याची.

आणि टीबी. आपल्या देशात हा विसरून चालत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत आहे, औषधंही मोफत. दाट वस्तीच्या हॉलमध्ये एकाला असेल तर शेजाऱ्यांचीही तपासणी करावी लागते. त्यात लाजायचं काय?

लसींबद्दल आबांनी मला विचारलं होतं, म्हणून लिहितो. न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात महाराष्ट्रात २०२१ पासून सगळीकडं आली. बाळाला दीड महिन्याला, साडेतीन महिन्याला आणि नवव्या महिन्याला देतात. म्हणजे आज भरतीला पळणाऱ्या पोरांना ती लहानपणी सरकारी दवाखान्यात मिळालेलीच नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, खासगीत मिळते. दम्याचा त्रास असलेल्या किंवा आधी न्यूमोनिया होऊन गेलेल्या पोरानं या दोन्हींबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं. बाकीच्यांनी आधी गाद्या लांब कराव्यात, ते फुकट आहे.

आमचं पोरगं दोन महिन्यांनी परत मैदानावर आलं. अकॅडमी बदलली. नव्या ठिकाणी पक्कं बांधकाम आहे, बारा पोरं, लोखंडी पलंग, चार खिडक्या. त्यातल्या दोन डास येतात म्हणून खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. मागच्या रविवारी आबा एसटीनं गेले, सोबत पक्कड आणि मच्छरदाणीची जाळी घेऊन.